हयातीचा दाखला

दिवाळी आली की महाराष्ट्रात घरोघर किल्ले उभे राहतात. दगडविटांवर ओली पोती पसरायची, त्यांवर चाळलेली लाल माती लिंपायची, तटाच्या उतारावर अळीव पेरून हिरवळ उगवायची, आणि मग बाजारातून आणलेले मातीचे मावळे बुरुजाबुरुजावर उभे करायचे. चार दिवस या मावळ्यांचा थाट काय विचारावा! त्यांच्यापुढे पणत्या लागतात, आल्यागेल्याला ते कौतुकाने दाखवले जातात. तुळशीचे लग्न उरकले की किल्ला मोडतो. ज्यांचे रंग शाबूत असतात तेवढे मावळे खोक्यात घालून माळ्यावर जातात. ज्याचा हात मोडला, ज्याची मान निखळली, तो मातीबरोबर उकिरड्यावर! मुलांचाच खेळ तो. त्यांना कोण दोष देणार? पण हाच खेळ एखादे सरकार हाडामांसाच्या मावळ्यांशी खेळू लागले, तर मात्र दोष द्यावाच लागतो. आणि तो दिवाळीच्या दिवसांतच द्यावा लागतो.

दिवाळीच्या दिवसांत का? वाचक म्हणतील, पुढ्यात चकल्या-करंज्यांचे ताट असताना ही कडू गोळी कशाला? त्याचे कारण असे, की दिवाळीच्या मागेपुढे जो नोव्हेंबर महिना येतो, तो या देशातल्या बहुतेक म्हाताऱ्या पेन्शनरांच्या लेखी सणाचा महिना नसतो. आपण अजून मेलेलो नाही, हे सरकारला पटवून देण्याचा तो महिना असतो. या विधीला सरकारी भाषेत ‘हयातीचा दाखला’ म्हणतात. साऱ्या देशात दिवे लागलेले असतात, पुढारी सरहद्दीवर जाऊन जवानांना मिठाई भरवतात, त्यांची छायाचित्रे छापून येतात. आणि त्याच सुमारास कधीकाळी त्याच सरहद्दीवर उभा राहिलेला एक म्हातारा काठी टेकीत तालुक्याच्या गावी जातो आणि खिडकीपलीकडच्या पोराला सांगतो, ‘बाबा रे, मी जिवंत आहे.’

आमच्या गावी असेच एक म्हातारे आहेत. सातारा जिल्ह्यातले आमचे गाव. दर चार घरांमागे एक घर फौजेचे. हे गृहस्थ १९६७ साली भरती झाले, बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये घडले, १९७१ च्या लढाईत पूर्व आघाडीवर होते आणि १९८४ साली नाईक म्हणून घरी आले. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. पेन्शन बेताची, जमीन त्याहून बेताची. पण आबांच्या तोंडून तक्रार म्हणून कधी निघाली नाही. फौजेत तक्रार करायची नसते, हुकूम पाळायचा असतो, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेले. तर या आबांबरोबर मी एका नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेलो. खिडकीपलीकडच्या मुलाने यंत्र पुढे केले. आबांनी अंगठा टेकवला. यंत्राने ओळखला नाही. पुन्हा टेकवला. पुन्हा नाही. दहाही बोटे झाली. चाळीस वर्षे नांगर धरलेल्या बोटांवरच्या रेषा उरतात कुठे? मुलगा वाईट नव्हता. तो अजिजीने म्हणाला, ‘आजोबा, सिस्टीममध्ये तुम्ही येत नाही.’ आबा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले आणि शांतपणे म्हणाले, ‘मग ह्यो तुज्याम्होरं बसलाय त्यो कोन?’

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. पण पुढल्या दोन महिन्यांत आबांच्या खात्यात एक पैसा जमा झाला नाही, तेव्हा ते हसू आम्हांला महागात पडले. दुकानदाराची उधारी थकली, रक्तदाबाच्या गोळ्या अर्ध्या करून घेतल्या गेल्या. याच माणसाला भरती करून घेताना सरकारने त्याच्या अंगठ्याचा ठसा कागदावर घेतला होता. उंची मोजली, छाती मोजली, अंगावरचे तीळ नि व्रण मोजले, डोळे पाहिले, दात पाहिले. त्याचा बाप कोण, गाव कोणते, वारस कोण, सगळे लिहून घेतले. या देशात सरकारने ज्याची इतकी बारकाईने ओळख करून घेतली आहे, असा नागरिक सैनिकाखेरीज दुसरा नसेल! आणि म्हातारपणी हेच सरकार त्याला विचारते : ‘आपण कोण?’

कोणी म्हणेल, हा एका म्हाताऱ्याच्या झिजलेल्या अंगठ्याचा प्रश्न आहे. तसे असते तर मी लेखणी उचलली नसती. २०२२ सालच्या एप्रिल महिन्याची पेन्शन ५८ हजारांहून अधिक संरक्षण पेन्शनरांच्या खात्यांत वेळेवर पोचलीच नाही. गुन्हा कोणता? तर त्यांची वार्षिक ओळख पटल्याची नोंद दप्तरी झालेली नव्हती. कोणाचा कागद बँकेत पडून राहिला असेल, कोणी आजारी असेल, कोणाला नवी पद्धत कळलीच नसेल. देशभर बोंब झाली, तेव्हा ४ मे रोजी मंत्रालयाने पत्रक काढले, अडवलेली पेन्शन जमा केली आणि ओळख पटवण्यासाठी २५ मेपर्यंतची खास सवलत दिली. ‘सवलत’ हा शब्द वाचकांनी नीट चाखून पाहावा. माणसाचा पगार तुम्ही अडवायचा, त्याच्या घरची चूल विझवायची, आणि मग त्याचेच पैसे त्याला परत देताना सवलत म्हणायची! शिवाय ओरड होताच चार दिवसांत जे करता आले, ते ओरडीआधी का करता आले नाही, याचे उत्तर कोणत्याही पत्रकात नाही.

आता मूळ प्रश्नच विचारू. या देशात माणूस मेला, तर त्याची नोंद कोण ठेवते? १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याने ते काम सरकारवरच सोपवले आहे. गावोगाव त्यासाठी निबंधक आहे, वही आहे, शिक्का आहे. म्हणजे कोण मेला हे सरकारला सरकारच्याच वहीतून कळायला हवे. असे असताना जो मेलेला नाही, त्याने दरसाल येऊन ‘मी मेलो नाही’ असे का सांगायचे? आपल्याच दोन वह्या एकमेकींशी जुळवायचा सरकारला कंटाळा. म्हणून ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने एस. टी. चे धक्के खायचे! टपालखात्याने २०२० पासून पोस्टमनमार्फत घरपोच दाखल्याची सोय केली, ही गोष्ट चांगलीच आहे. पण तिथेही हाक मारायची ती म्हाताऱ्यानेच. तो विसरला, अंथरुणाला खिळला, मुंबईला लेकाकडे गेला, की पेन्शन थांबली. त्याच्या मौनाचा अर्थ सरकार एकच लावते : मेला असेल!

माझे सारे म्हणणे या एका गोष्टीत आहे. माजी सैनिकांसाठी सरकार काहीच करीत नाही, असे मी म्हणत नाही. पेन्शन आहे, दवाखाने आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याणाची कार्यालये आहेत. पण या सगळ्यांच्या दारात एकच पहारेकरी उभा केला आहे, आणि त्याचे नाव ‘पुरावा’. जिवंत आहेस? पुरावा दे. आजारी आहेस? पुरावा दे. तो आजार नोकरीतच लागला? पुरावा दे. ही तुझीच बायको? पुरावा दे. तरुणपणी ज्याच्या शब्दावर अख्ख्या देशाने रात्री निर्धास्त झोप घेतली, म्हातारपणी त्याच्या शब्दाला कवडीची किंमत नाही. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण आमच्या पूर्वजांनी उगीच नाही केली!

बायकोचा पुरावा ही काय भानगड, असे शहरातल्या वाचकांना वाटेल. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात. माहेरची सखू सासरी लक्ष्मी होते. पलटणीच्या कारकुनाने तिला ‘लक्ष्मीबाई’ लिहिले, शिधापत्रिकेवर ती ‘लक्ष्मी’, आधारवर आणखी तिसरेच काही. जन्मतारीख तर तिच्या बापालाही ठाऊक नव्हती. एका साहेबाने अंदाजाने घातली, दुसऱ्याने दुसऱ्या अंदाजाने. नवरा जिवंत असेतो हे कागद कोणी एकमेकांशेजारी ठेवून पाहत नाही. तो गेला, की तेराव्याच्या आत हे तीन कागद एकमेकांशी भांडू लागतात. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात, सरपंचाचा दाखला, पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र आणि त्या पत्राच्या उत्तराची वाट. चूक लिहिली कारकुनाने; दंड भरते विधवा!

आता औषधपाण्याकडे वळू. माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. देशभर तिचे चारशेहून अधिक दवाखाने आहेत. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की यादीतल्या खाजगी इस्पितळात पैसे न भरता उपचार व्हावेत आणि बिल सरकारने द्यावे, अशी ही व्यवस्था. कल्पना उत्तम आहे. हजारो प्राण तिने वाचवले असतील. पण ती फुकट आहे, असा जो समज शहरी लोकांत आढळतो, तो आधी पुसून टाकला पाहिजे. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धविधवांना वर्गणी माफ आहे. बाकीच्यांनी ती भरलेली असते. २०१७ च्या डिसेंबरात ठरलेल्या दरांप्रमाणे साध्या जवानाला निवृत्तीच्या वेळी ३० हजार रुपये आणि अधिकाऱ्याला १ लाख २० हजार रुपये मोजावे लागतात. म्हणजे तो दारात येतो तो भिक्षेकरी म्हणून नव्हे. आगाऊ दाम मोजलेला हक्कदार म्हणून येतो.

आणि त्या हक्कदाराचे काय होते? दोन वर्षांपूर्वी एका रात्री आबांच्या घरच्या काकींच्या छातीत कळ आली. मुलाने शेजाऱ्याची जीप काढली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी यादीतल्या एका इस्पितळात त्यांना नेले. काउंटरवरच्या माणसाने कार्ड पाहिले आणि परत केले. ‘हे कार्ड आम्ही सध्या घेत नाही. मागची बिले अडकली आहेत. पैसे भरत असाल तर बघू.’ रात्रीचे दोन वाजलेले. मुलगा तिथून दुसऱ्या इस्पितळात गेला; ते यादीत नव्हते, पण त्यांनी आत तरी घेतले. काकी वाचल्या. नातेवाइकांनी पैसे जमवले, काकींच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. यादीबाहेरच्या इस्पितळात आणीबाणीत नेले, तर ४८ तासांच्या आत आपल्या दवाखान्याला कळवावे असा नियम आहे. मुलगा आईच्या उशाशी बसलेला. त्याला हा नियम तिसऱ्या दिवशी कोणीतरी सांगितला. बिलांची मागणी परत आली. शेरा : ‘विलंबाने कळविले.’

बिले थकवणारे सरकार महिनोन्‌महिने विलंब करते, तेव्हा त्याच्या कागदावर असा शेरा कोण मारतो? सरकार आणि इस्पितळ यांच्यात हिशेबाचे भांडण आहे, असेना बापडे! कोणते इस्पितळ फुगवून बिले लावीत असेल, कोणता लेखाधिकारी नाहक आक्षेप काढीत असेल. त्यांनी एकमेकांच्या शेंड्या खुशाल उपटाव्यात. पण हे भांडण काकींच्या खाटेपाशी का? यादी सरकारने केली, करार सरकारने केला, पैसे सरकारने थकवले. आणि रात्री दोन वाजता जाब द्यायचा तो आबांच्या पोराने!

याहून चीड आणणारी कथा जखमी आणि आजारी सैनिकांची आहे. नोकरीत जडलेल्या अपंगत्वाबद्दल पेन्शनमध्ये काही भाग वाढवून मिळतो. १९८२ च्या नियमांनी याबाबत एक माणुसकीचे तत्त्व घालून दिले होते. हक्क सांगणाऱ्याला तो सिद्ध करायला लावू नये, आणि शंकेचा फायदा त्यालाच द्यावा, अशा अर्थाचे. किती साधी नि न्यायाची गोष्ट! माणूस भरती झाला तेव्हा तुमच्याच डॉक्टरांनी त्याला ठणठणीत ठरवले. बर्फात, वाळवंटात, जंगलात तुम्हीच त्याला धाडले. आता तो आजारी आहे. आजार तुमच्या नोकरीमुळे झाला नसेल, तर ते तुम्ही दाखवा. २००८ च्या नियमांत या वाक्यात एक चिमुकला शब्द शिरला : ‘साधारणतः’. आणि त्याला शेपूटही जोडले, की निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी कोणी मागणी केली तर पुरावा त्यानेच द्यावा. कायद्याच्या पुस्तकात असा एखादा शब्द भिंतीतल्या उंदरासारखा शिरतो. दिसत नाही, पण घर पोखरतो.

सिग्नल्स दलातला एक जवान अशाच वादात सापडला होता. १९८५ साली तो धडधाकट म्हणून भरती झाला, १९९४ साली फेफऱ्याच्या विकारामुळे त्याला घरी पाठवले, आणि हा विकार जन्मजात आहे, नोकरीशी त्याचा संबंध नाही, असे सांगून त्याला पेन्शन नाकारली. जन्मजात होता तर भरतीच्या वेळी तुमच्या डॉक्टरांना तो का दिसला नाही, हा प्रश्न त्याने न्यायालयात नेला. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि जुन्या नियमांतले तत्त्व पुन्हा ठणकावून सांगितले. १९९४ ते २०१३ म्हणजे १९ वर्षे! एका आजारी माणसाविरुद्ध भारत सरकार १९ वर्षे भांडले. शत्रूशी झालेले आपले कोणतेही युद्ध इतके लांबले नाही.

एवढ्याने तरी डोळे उघडावेत! २०१५ साली संरक्षणमंत्री असलेले गोव्याचे मनोहर पर्रीकर यांनी हे खटले कमी व्हावेत म्हणून तज्ज्ञांची समिती नेमली. हेतू चांगला होता. पण पुढल्याच वर्षी काय घडले पाहा. २९ सप्टेंबर २०१६ रोजी, आदल्या रात्री ताबारेषेपलीकडे केलेल्या कारवाईची बातमी आली. देशभर फटाके उडाले, पेढे वाटले गेले. आणि ३० सप्टेंबरच्या तारखेचे संरक्षण मंत्रालयाचे पत्र निघाले, त्यात अपंगत्वाचा भाग पगाराच्या टक्केवारीवर न मोजता ठरीव रकमेवर मोजायचे ठरले होते. शंभर टक्के अपंग झालेल्या जवानाला त्याबद्दल महिना १२ हजार, अधिकाऱ्याला २७ हजार! मुलकी नोकरांची टक्केवारी मात्र शाबूत होती. जणू काही गोळीने तुटलेला पाय कचेरीतल्या जिन्यावर मोडलेल्या पायापेक्षा स्वस्त! ओरड झाली, आणि २०१७ च्या मे महिन्यात टक्केवारी परत आली. चूक सुधारली याबद्दल सरकारचे अभिनंदन जरूर करू. पण फटाक्यांची राख थंड व्हायच्या आत असले पत्र निघते, यातच सगळे आले.

‘एक हुद्दा, एक पेन्शन’ हे प्रकरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात ९३ हजारांनी शरणागती पत्करली. आपण विजयाच्या आरत्या ओवाळल्या. आणि त्यानंतर दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, तिसऱ्या वेतन आयोगाच्या सुमारास, सारख्या हुद्द्याला आणि सारख्या सेवेला सारखी पेन्शन देण्याची रीत मोडीत निघाली. जवान चाळिशीच्या आतच निवृत्त होतो. पोरे शाळेत असतात, बहिणीचे लग्न व्हायचे असते, आईबाप हयात असतात. मुलकी कारकून साठीपर्यंत पगार घेतो. म्हणून सैनिकाचा हिशेब निराळा ठेवायचा असतो, एवढी साधी गोष्ट दिल्लीला उमगायला ४२ वर्षे लागली. २०११ च्या डिसेंबरात राज्यसभेच्या याचिका समितीने ही मागणी रास्त ठरवली, २०१५ च्या उन्हाळ्यात म्हातारे सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर येऊन बसले, तेव्हा कुठे ७ नोव्हेंबर २०१५ ला आदेश निघाला. तोही पाच वर्षांतून एकदा फेरआढाव्याचा. १६ मार्च २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते धोरण वैध ठरवले, पण १ जुलै २०१९ पासूनचा फेरआढावा घेऊन थकबाकी तीन महिन्यांत द्या, असे बजावले. तीन महिन्यांची मुदत लांबत लांबत मार्च २०२३ वर आली. आणि २० जानेवारी २०२३ ला मंत्रालयाने परस्पर पत्रक काढले, की थकबाकी सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत मिळेल! न्यायालय संतापले. शेवटी २० मार्च २०२३ ला न्यायालयानेच तारखा लावून दिल्या : आधी कुटुंबनिवृत्तिवेतनवाले आणि शौर्यपदकांचे मानकरी, मग सत्तरीपुढचे, मग बाकीचे; शेवटचा हप्ता २८ फेब्रुवारी २०२४ पर्यंत. म्हणजे हप्ते आलेच, पण निदान म्हाताऱ्यांना रांगेत पुढे आणले ते न्यायाधीशांनी. ही गोष्ट मंत्रालयाला सुचू नये?

आबांसारखा चुकून दोन दिवस उशिरा कळवतो, तेव्हा त्याचा हक्क बुडतो. सरकार वर्षभर उशीर करते, तेव्हा त्याला हप्ते मिळतात. एकाच नियमावलीच्या या दोन बाजू आहेत.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. ते म्हणतात, पेन्शनर तीस लाखांवर आहेत, खजिन्यावर बोजा पडतो. पडतो खरा. पण भरतीच्या मैदानावर पोरे दंड-बैठका काढतात तेव्हा हा बोजा कोणाला दिसत नाही. कर्ज काढताना गोड आणि फेडताना कडू, ही सावकाराकडे जाणाऱ्या उधळ्याची रीत झाली, राज्याची नव्हे. ते आणखी म्हणतात, लबाडी होते. होय, होते. अपंगत्वाची पेन्शन घेऊन निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत दुपटीहून जास्त आहे, याकडे महालेखापरीक्षकांनीच २०२३ मध्ये लक्ष वेधले. खंदकात जवान अधिक आणि आजार अधिकाऱ्यांना अधिक, हे कोडे सरकारने अवश्य सोडवावे. लबाडाला खुशाल तुरुंगात धाडावे. पण चाळणी लावायची ती लबाडासाठी. तिच्यात अडकतो कोण? ज्याला इंग्रजी येत नाही, वकील परवडत नाही, दिल्लीत ओळख नाही, तो! लबाडाचे कागद नेहमीच चोख असतात हो. कागद फाटके असतात ते प्रामाणिक माणसाचे.

आणि या साऱ्या कटकटींवर दिल्लीने २०२२ च्या जूनमध्ये एक अजब तोडगा काढला. अग्निपथ योजनेत चार वर्षांनी घरी परतणाऱ्या तीन-चतुर्थांश पोरांना पेन्शन नाही, माजी सैनिक हे नाव नाही, आरोग्य योजनेचे कार्ड नाही. एकरकमी पुंजी घ्यायची नि वाटेला लागायचे. पेन्शनच नाही, म्हणजे हयातीचा दाखला नको, नावातली चूक नको, थकबाकी नको! दुखणाऱ्या डोक्यावर धडच उडवण्याचा हा उपाय सुचवणाऱ्याला वैद्य म्हणावे की आणखी काही, हे वाचकांनी ठरवावे.

आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ वीरांचे स्मारक आहे. ते इंग्रजांच्या काळातले. पुण्याच्या खडकीतली जखमी सैनिकांना धंदेशिक्षण देणारी संस्था मुळात १९१७ साली निघाली, तीही परक्यांच्याच राज्यात. त्यांना पुढची भरती हवी होती म्हणून का होईना, पण लुळ्यापांगळ्या शिपायाची किंमत त्यांना कळत होती. आमचे राज्य तर आमचे आहे! मग मेलेल्यांना स्तंभ आणि जिवंतांना खिडकी, असा व्यवहार का?

मागण्या मोठ्या नाहीत. हयातीचा दाखला आला नाही, तर पेन्शन थांबवण्यापूर्वी सरकारचा माणूस त्या घरी जाऊन दार ठोठावील, असा नियम करा. आत म्हातारा भेटला तर त्याला राम राम करून दाखला लिहून आणा. नाही भेटला तर घरच्यांचे सांत्वन करून या. नियमांतला तो ‘साधारणतः’ खोडून टाका. यादीतल्या इस्पितळाने कार्ड नाकारले, तर त्या रुग्णाचे पुढले सारे बिल, ते कुठेही होवो, विनाशेरा द्या. मग पाहू इस्पितळांची बिले किती दिवस थकतात ते! आणि माजी सैनिकाला पाठवायचे प्रत्येक पत्रक त्याच्या भाषेत लिहा, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. भरतीची जाहिरात मराठीत निघते, मग हक्काची का नाही?

आणि वाचकहो, आपल्यालाही थोडे काम आहे. येत्या ७ डिसेंबरला ध्वजदिन. खिशाला टाचणीने छोटा ध्वज लावून आपण डब्यात नाणे टाकू, ते टाकावेच. पण त्याआधी, या दिवाळीतच, आपल्या आळीत, वाडीत, चाळीत असा कोणी आबा आहे का ते पाहा. त्याच्या घरी फराळाचे ताट न्या, आणि ताट ठेवताना विचारा : ‘आबा, दाखला झाला का? कागद बघू.’ तुमच्या शिकलेल्या पोराला त्याच्याबरोबर एक दिवस खिडकीवर बसवा. किल्ल्यावरचे मातीचे मावळे त्याने पाहिले आहेत. जिवंत मावळा काय असतो तेही त्याला कळू द्या. आणि आमदार-खासदार दिवाळीच्या भेटीला येतील, तेव्हा त्यांच्यापुढे चिवडा ठेवून हाच प्रश्न त्यांनाही विचारा.

आबांची पेन्शन पुढे सुरू झाली. काकींच्या पाटल्या मात्र अजून सोनाराकडेच आहेत. परवा मी सहज विचारले, ‘आबा, यंदा अंगठा उमटला नाही तर?’ ते म्हणाले, ‘पुन्यांदा जाऊ. हुकूम हाय न्हवं?’ हुकूम पाळण्याची त्यांची सवय साठ वर्षांची आहे. ते जिवंत आहेत, याचा दाखला ते यंदाही देतील. सरकारच्या अंगात माणुसकी हयात आहे, याचा दाखला कोण देणार, आणि कोणत्या खिडकीवर?